हरण्याची तयारी

जितेंद्र मयेकर आयुष्यात कशातच पहिला आला नव्हता, आणि दुसरा आल्याचंही कोणाला आठवत नाही. नोकरी लागली ती मामाच्या ओळखीने, लग्न ठरलं ते मीराला आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आल्यावर, आणि नालासोपाऱ्यात तुळिंजला घर मिळालं ते तळमजल्यावरचं, गटाराच्या अंगाचं, कारण बाकीची आधीच गेली होती. असल्या माणसाची देवाला दया येते म्हणतात. येत असेल. माणसांना मात्र त्याची गंमत वाटते, आणि माणसं देवापेक्षा जवळ राहतात.

कामणला एका गोदामात तो स्टोअरकीपर होता. तुळिंजहून रोज गाडीने जायचा. गाडी म्हणजे शंभर सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल, काळी, दुसऱ्याने वापरून कंटाळून विकलेली. माणूस मवाळ, पण गाडीवर बसला की त्याची पाठ ताठ व्हायची. "माझ्याकडे बघत नाहीत एवढं कार्बोरेटरकडे बघतात," असं मीरा शेजारणींना सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

त्या गोदामांच्या मधून एक सरळसोट काँक्रीटचा रस्ता गेला होता, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत. बांधला होता ट्रकांसाठी, पण रविवारी ट्रक नसत. नव्वदचं दशक संपत आलं होतं, हातात गाड्या आल्या होत्या आणि डोक्यात वारं शिरलं होतं, तेव्हा रविवारी दुपारी तिथे शर्यती लागायच्या. वळण नाही, चढ नाही. एका वेळी दोनच गाड्या. रुमाल पडला की सुटायचं आणि शेवटच्या गोदामाच्या निळ्या शटरच्या पुढे चुन्याची रेघ मारलेली असे, ती आधी ओलांडेल तो जिंकला. घोटभर चहा गिळेपर्यंत खेळ खलास, आणि तेवढ्यासाठी माणसं आठवडाभर वंगणात हात घालून बसायची.

आता दोन गाड्या कधी सारख्या नसतात. म्हणून गट पाडलेले: शंभरचा गट, दीडशेचा गट, बुलेटवाल्यांचा वेगळा. पण गटातही कोणाचं इंजिन नवं तर कोणाचं झिजलेलं, कोणी अंगाने काडी तर कोणी पिंप. रोज एकच गडी जिंकायला लागला तर बाकीचे कशाला येतील? त्यावर उपाय म्हणजे भार. वाळू भरलेल्या गोणपाटाच्या थैल्या, टाकीवर पट्ट्याने आवळून बांधायच्या. नव्या माणसाला तीन थैल्या. गाडीच्या लांबीहून जास्त अंतराने जिंकलास की एक थैली चढली, तेवढ्या अंतराने हरलास की एक उतरली. थैल्या संपल्या आणि तरी हरतोच आहेस, तर सुरुवातीची रेघ तुझ्यापुरती हातभर पुढे. पुन्हा हरलास की आणखी हातभर. लंगडी खेळताना शेंबड्या पोराला 'कच्चा लिंबू' म्हणून सवलत देतात ना, तसंच. फरक एवढाच की ते पोर पाच वर्षांचं असतं आणि खेळायला घेतलं याच आनंदात असतं.

भार ठरवायचा बळीरामने. हा खाडीकाठचा जुना शेतकरी, गोदामांना जमीन दिलेल्यांपैकी. घरात बापजाद्यांपासून बैलांच्या शर्यतींचं वेड, त्यामुळे कोणाला किती जड करायचं हे त्याच्या रक्तातच होतं. "बैल खरा पलतो," तो म्हणायचा. "खोटं पलायला मानूस लागतो." शेवटच्या रेघेवर उभं राहून किती अंतर पडलं ते सांगायचं काम निर्मळच्या आग्नेलचं. तो एरवी केळी विकायचा, त्यामुळे त्याचा आवाज फाटकापर्यंत सहज पोचायचा.

पहिल्या वर्षी जितेंद्र खरोखरच हरला. प्रामाणिकपणे, जीव तोडून हरला. बळीरामचा पुतण्या अल्पेश दर वेळी त्याला धूर पाजून पुढे जायचा. तिन्ही थैल्या उतरल्या, रेघही हातभर सरकली, तेव्हा अल्पेश सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मयेकर, तुम्ही रेघेबिघेवर येऊ नका. डायरेक्ट त्या शटरजवळ जाऊन बसा, आम्ही येतोच मागून."

सगळे हसले. चहावालासुद्धा हसला. त्या दुपारपासून मयेकर हे आडनाव गेलं आणि कच्चा लिंबू हे नाव पडलं. चांगली नावं रुजायला पिढ्या लागतात, असली एका दुपारीत रुजतात.

पावसाळ्यात शर्यती बंद असत. त्या सुट्टीत जितेंद्रने गाडी उघडली आणि सायलेन्सर काढून बघतो तर आत जुन्या मालकाच्या काळापासूनची काजळी दगडासारखी बसलेली. गाडीचा श्वासच कोंडला होता बिचारीचा. त्याने ती काजळी जाळून, खरवडून काढली, पुढचं दातेरी चक्र एका दाताने लहान बसवलं, आणि श्रावणातल्या एका कोरड्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या रस्त्यावर गाडी सोडून पाहिली. पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. शटरजवळ थांबून त्याने मागे वळून सगळा रस्ता न्याहाळला. कोणी पाहिलं नव्हतं. अल्पेशला आपण केव्हाही खाऊ शकतो, हे जगात फक्त त्याला ठाऊक होतं.

आता शहाणा माणूस काय करेल? पुढच्या रविवारी जिंकेल, हसणाऱ्यांची तोंडं बंद करेल आणि घरी जाऊन जेवेल. पण जन्मभर मागे राहिलेल्या माणसाला साधी जीत पुरत नाही. जितेंद्रने हिशोब केला. आज जिंकलो की रेघ मागे जाणार, पुन्हा जिंकलो की थैली चढणार, आणि महिन्याभरात आपण पुन्हा चार जणांतले एक. त्यापेक्षा जानेवारीत ढालीची शर्यत असते, सगळं कामण, सगळा खाडीकाठ बघायला येतो. तोवर हरत राहायचं. आपला भार शून्य, रेघ पुढे, अल्पेशच्या टाकीवर मात्र थैल्यांचा ढीग. आणि त्या दिवशी असं जिंकायचं की नाव घेताना लोकांची जीभ अडखळली पाहिजे.

हरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी मुद्दाम हरून बघितलेलं नसतं. थोडक्यात हरलं तर भार तसाच राहतो. फार हरलं तर संशय येतो. दीड-दोन गाड्यांच्या अंतराने, तोंड वेडंवाकडं करून, पुढे झुकून, प्रयत्नाची पराकाष्ठा केल्यासारखं दिसत हरावं लागतं. जितेंद्र शटरच्या जरा अलीकडे मनगट अलगद ढिलं करायचा. इंजिनाचा सूर किंचित पडायचा, अल्पेश पुढे निघायचा, आग्नेल ओरडायचा, "दोन गाड्या!" मग जितेंद्र उतरून आपल्याच गाडीला लाथ घालायचा. लाथ मारण्यात तर त्याने इतकी कमाल केली की लोक खास ती बघायला थांबू लागले. उभ्या जन्मात एकाच कलेत तो पारंगत झाला, आणि ती ही.

या सगळ्यात त्याच्या बाजूने ओरडणारं एकच माणूस होतं. त्याची मुलगी ज्ञानदा. पाचवीत होती तेव्हापासून ती रविवारी त्याच्यामागे बसून यायची, माल चढवायच्या ओट्यावर उभी राहायची आणि रुमाल पडला की गळ्याच्या शिरा ताणून ओरडायची, "पप्पा, सोडू नका! पप्पा, सोडू नका!" पोरीचा आवाज मुळात बारीक. परत जाताना तो बसलेला असायचा. घरी पोचेपर्यंत ती बापाची समजूत घालायची.

"गाडीच साथ देत नाही गं," तो म्हणायचा. "मी तर जीव तोडून पळवली."

"मला माहितीये पप्पा. मी बघत होते ना."

त्या जानेवारीत जितेंद्र जिंकला नाही. सुटायच्या आधी त्याच्या मनात आलं, अल्पेशवर अजून दोन थैल्या हव्या होत्या. काही गडबड झाली तर? एकच संधी, ती वाया गेली तर? त्याने मनगट ढिलं केलं आणि पुढच्या वर्षावर टाकलं. खरी गोष्ट अशी की त्याला हरण्याची भीती उरलीच नव्हती, ती तर सवय झाली होती. भीती वाटायची ती मूठ पूर्ण पिळण्याची. पुढच्या जानेवारीतही त्याने तेच केलं. रेघ इतकी पुढे आली होती की त्याच्या सुटण्याच्या जागेला लोक पाळणाघर म्हणू लागले.

ज्ञानदा सातवीत असताना एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. वर्गात खुशी नावाची मुलगी होती, अल्पेशची भाची. तिने मधल्या सुट्टीत फळ्यावर लिंबू काढलं, त्याला हेल्मेट घातलं आणि खाली मयेकर असं लिहिलं. ज्ञानदाने तिच्या कानाखाली वाजवली. एकदा नाही, बाई धावत येईपर्यंत.

जितेंद्र अर्धी रजा टाकून गेला. वर्गाबाहेर पोर भिंतीला टेकून उभी, डोळे कोरडे, हनुवटी वर. बाई म्हणाल्या, सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावा, नाहीतर प्रकरण मुख्याध्यापिकांकडे जाईल.

"माग माफी," जितेंद्र म्हणाला.

"पण पप्पा, ती तुम्हाला..."

"माग म्हणतो ना!"

तिने मागितली. पन्नास पोरांसमोर उभी राहून, खुशीकडे बघून मागितली. मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं. जितेंद्र दारात उभा होता. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक गुदगुली होती, आणि हे लिहिताना मला त्या माणसाचा राग येतो. त्याच्या मनात आलं, जेवढं आता सोसेल तेवढी त्या दिवशी हिची मान उंच होईल. पोरीच्या अपमानावरही त्याने डाव लावला.

घरी जाताना ती त्याच्यामागे गाडीवर बसली. मग पाठीमागून म्हणाली, "पुढच्या रविवारी जिंकाल ना पप्पा? एकदाच."

"प्रयत्न करतोच आहे गं."

रात्री मीरा म्हणाली, "अहो, सोडा ते खूळ. तुम्हाला हसतात ते हसोत, पोरीने काय पाप केलंय?" तो भिंतीकडे तोंड करून झोपला. सांगता आलं असतं. बायकोला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण गुपित फुटलं तर बळीराम भार चढवेल, ही भीती त्याला बायकोच्या रागापेक्षा मोठी वाटली.

तिसऱ्या वर्षीचा जानेवारी आला तेव्हा ज्ञानदानेच सांगितलं की जूनपासून रविवारी शिकवणी आहे, मग तिला येता येणार नाही. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, कारण ती ढाल ओट्यावरच्या त्या एका पोरीला दाखवण्यासाठीच तर हवी होती. शनिवारी त्याने सायलेन्सर पुन्हा साफ केला. रविवारी दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, भेळवाले, गोदामाच्या पत्र्यांवर चढलेली पोरं. शंभरच्या गटात एक-एक गडी बाद होत गेला. जितेंद्र प्रत्येक वेळी जेमतेम जिंकत पुढे सरकला आणि लोक म्हणाले, सवलतीच्या जोरावर लिंबू शेवटपर्यंत आला की!

शेवटी तो आणि अल्पेश. अल्पेशच्या टाकीवर सहा थैल्या, पुढचं काही दिसेना इतक्या. जितेंद्र रिकामा आणि कितीतरी हात पुढे. अल्पेश हसून म्हणाला, "मयेकर, पाळणाघरातून नीट निघा." ओट्यावरून तो बारीक आवाज आला, "पप्पा, सोडू नका!"

रुमाल पडला. जितेंद्रने मूठ पिळली ती पिळूनच ठेवली. पुढचं चाक उचललं, खाली आलं, शटर अंगावर आल्यासारखं झालं आणि मनगट ढिलं करायची जागा केव्हा मागे गेली ते कळलंच नाही. मागे अल्पेश कुठे होता? होता कुठेतरी धुरात. आग्नेलला किती गाड्या ते मोजता येईना. तो नुसताच दोन्ही हात वर करून ओरडत राहिला.

लोकांनी जितेंद्रला खांद्यावर घेतलं. गुलाल आला, ढोल आला. मयेकर, मयेकर! तीन वर्षांनी आडनाव परत मिळालं. तो मान वळवून वळवून ओट्याकडे बघत होता. ज्ञानदा गर्दीतून वाट काढत येत होती, रडत होती, हसत होती, आवाज पार गेलेला. त्या घटकेला जितेंद्र मयेकरइतका सुखी माणूस वसई तालुक्यात नव्हता. सुख असं की त्यावर तिथेच पडदा पडला असता तर बरं झालं असतं.

बळीरामने ढाल त्याच्या हातात दिली आणि पाठीवर दणका घातला. "अरे लबाडा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तीन वरसं! तीन वरसं हा गडी शटरपाशी मूठ ढिली करतोय. मला पयल्या रविवारीच कललं. इंजनाचा सूर पडतो ना, कान हायेत मला. मुद्दाम हरत व्हता हा! एकूनएक शर्यत!"

त्यावर असा काही हशा उठला की पत्र्यांवरची पोरं नाचू लागली. कोणी रागावलं नाही. उलट लोकांना तो एकदम आवडायला लागला. काय डोकं आहे! तीन वर्षं आम्हाला येडं बनवलं साल्याने! अल्पेशनेसुद्धा त्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"मग काका, तुम्ही तेव्हाच भार का नाही चढवलात?" अल्पेशने विचारलं.

"नेम हारजीत बघतो, मनातलं नाय बघत," बळीराम म्हणाला. "आनि एक कच्चा लिंबू लागतोच रे. नाय तं बाकीचे हरनारे हसनार कोनाला?"

पुन्हा हशा. जितेंद्रही हसला, कारण सगळे हसत होते. मग त्याला ज्ञानदा दिसली. ती दोन हातांवर येऊन थांबली होती. ती हसत नव्हती. ती काहीतरी मोजत असावी तशी उभी होती. पोरगी हुशार, तिला फार वेळ लागला नाही.

"सगळ्या?" तिने बसलेल्या आवाजात विचारलं. "प्रत्येक रविवारी?"

"अगं, आजच्यासाठी! तुझ्यासाठीच तर..."

"मग मी कोणासाठी ओरडत होते?"

गर्दीने त्याला पुन्हा उचललं. वरून त्याला दिसलं की ती ओट्याकडे परत गेली आणि चप्पल घालून फाटकाच्या दिशेने चालू लागली. त्याला उतरायचं होतं, पण त्याला धरणारे हात आता प्रेमाचे होते आणि प्रेमाने धरलेला माणूस सुटत नाही. ती कामण नाक्यावरून बस पकडून एकटी घरी गेली. ढाल घेऊन तो पोचला तेव्हा मीराला सगळं कळलेलं होतं. मीरा एवढंच म्हणाली, "त्या दिवशी वर्गासमोर तिला माफी मागायला लावलीत ना हो तुम्ही?" आणि ढाल फ्रिजवर ठेवून पोळ्या लाटायला गेली.

ढाल जिंकणाऱ्याचा पुढचा भार नव्याने ठरवायचा असा रिवाज होता, आणि तो ठरवणार बळीराम. त्याने जाहीर केलं की मयेकर जेवढा खोटा हरला त्याची भरपाई झालीच पाहिजे, आणि पावसाळ्यापर्यंत त्याची एकही थैली उतरणार नाही. रेघ मागे गेली. टाकीवर मावतील तेवढ्या थैल्या आल्या, उरलेल्या मागच्या सीटवर बांधल्या, जिथे पूर्वी पोर बसायची. गाडी रुमाल पडल्यावर म्हशीसारखी उठायची. अल्पेश पुढे, त्याच्यामागचे पुढे, कालपरवा गाडी घेतलेलेही पुढे. आता जितेंद्र खरोखर हरू लागला, मूठ शेवटपर्यंत पिळून, दात-ओठ खाऊन. आणि गंमत अशी की कोणाला ते पटेना. शटरपाशी तो मागे पडला की लोक एकमेकांना डोळा मारायचे. "बघ, बघ, पुढच्या ढालीची तयारी!" लाथ मारली तर टाळ्या पडायच्या.

शिकवणी जूनपासून होती, पण ज्ञानदा फेब्रुवारीपासूनच आली नाही. घरात ती त्याच्याशी वाईट वागायची नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, पाणी मागितलं तर आणून द्यायची. त्यानेही विषय काढला नाही. मार्च संपता संपता एका रविवारी मात्र त्याच्या गाडीने उन्हात सगळ्या थैल्यांसकट अशी काही धाव घेतली की तो अल्पेशच्या अर्ध्या गाडीने मागे राहिला, फक्त अर्ध्या. इतकं चांगलं तो जन्मात पळाला नव्हता, जिंकला तेव्हाही नाही. बघणाऱ्यांनी नेहमीसारखा डोळा मारला. तो मात्र तडक घरी आला, बूट न काढता आत गेला. ज्ञानदा खिडकीशी बसून गणितं सोडवत होती.

"आज खरंच जीव तोडून पळवली गं," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "एवढा भार घेऊन. थोडक्यात गेली. अगदी थोडक्यात."

तिने वर पाहिलं. त्याच्या तोंडाकडे, वंगणाच्या हातांकडे, नीट पाहिलं. तिला विश्वास ठेवायचा होता हे त्याला दिसलं.

"दर रविवारी असंच म्हणायचात पप्पा," ती म्हणाली, आणि पुढचं गणित घेतलं.